म्हातारीने राहावे कुठे

लिझी बर्ड्‌सवर्थ तुरुंगातून सुटते आणि थोड्याच दिवसांत मुद्दाम एक किरकोळ गुन्हा करून पुन्हा आत येते. ‘प्रिझनर’ या ऑस्ट्रेलियन मालिकेत हा सगळा प्रकार हलक्याफुलक्या ढंगाने दाखवला आहे. सत्तरीची, खांद्यात वाकलेली, ओठाच्या कोपऱ्यात सिगारेट धरून बोलणारी ही बाई परत येते तेव्हा तिच्या सोबतिणी तिचे असे कौतुक करतात, की ती शिक्षा भोगायला आली आहे याचा पाहणाऱ्याला विसर पडावा. आपण हसतो. मग जरा वेळाने मनात येते, की या बाईला बाहेर राहायला सांगितले होते ते नेमके कुठे आणि कोणाकडे?

लिझीचे काम करणाऱ्या शीला फ्लोरन्स ही मालिका सुरू झाली तेव्हा ६२ वर्षांच्या होत्या. त्यानंतर बारा वर्षांनी, वयाच्या ७५व्या वर्षी, त्यांनी आणखी एका म्हाताऱ्या बाईचे काम केले. ‘अ वुमन्स टेल’ या चित्रपटातली ही मार्था कर्करोगाने आजारी आहे, मेलबर्नमधल्या एका जुन्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, आणि शेवटपर्यंत तिथेच राहायचे असा तिचा हट्ट आहे. एकीला संस्थेच्या भिंतींबाहेर जगता येत नाही, दुसरी कोणत्याही संस्थेच्या भिंतींआड जायला तयार नाही. म्हातारीने कुठे राहायचे आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न एकाच अभिनेत्रीने एकदा दैनंदिन करमणुकीच्या चौकटीत आणि एकदा कलात्मक चित्रपटाच्या चौकटीत, दोन उलट बाजूंनी उभा केला. त्यातली मालिकेची बाजू हलकी आणि चित्रपटाची बाजू भारी असे मानण्याची आपल्याला सवय आहे. मला ते पटत नाही. गेली काही वर्षे मेलबर्नच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहताना, जिथे ‘प्रिझनर’चे चित्रीकरण झाले त्या स्टुडिओवरून अधूनमधून जाताना, आणि रात्री जेवण झाल्यावर जुने भाग एकामागून एक पाहताना हे माझे मत अधिकच पक्के होत गेले आहे.

शीलाबाईंचा जन्म २४ जुलै १९१६ रोजी मेलबर्नच्या सेंट किल्डा भागात झाला. हा भाग समुद्राकाठचा; तेव्हाही नाचघरे, नाटके, करमणुकीची बाग यांसाठी प्रसिद्ध असलेला. नाटकाची ओढ लहानपणापासून होती, पण १९३४ मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, रॉजर ऑयस्टन या तरुणाशी लग्न करून त्या इंग्लंडला गेल्या. संसार मांडला, मुले झाली, आणि मग युद्ध आले. जर्मन विमानांच्या बॉम्बवर्षावाचा काळ त्यांनी मुलांना सांभाळत काढला. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या लढाईत नवरा मारला गेला. तिशीच्या आत वैधव्य, पदरी मुले, देश परका. पुढे त्यांनी पोलंडहून आलेल्या एका वैमानिकाशी, जॉन बलावायडर यांच्याशी लग्न केले आणि १९४८ मध्ये हे कुटुंब मेलबर्नला आले. तिथेही दुःखाने पाठ सोडली नाही. १९५४ मध्ये मुलगी सुझन ऐन तारुण्यात गेली. मुलगा पीटर ऑयस्टन मात्र नाटकातच राहिला, दिग्दर्शक झाला, आणि व्हिक्टोरियन कॉलेज ऑफ द आर्ट्सच्या नाट्यविभागाचा संस्थापक प्रमुख म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते.

हे सगळे एका परिच्छेदात सांगून टाकताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, पण अभिनेत्रीच्या दुःखांची यादी करून तिचा अभिनय समजावून सांगण्याची जी रीत आहे तिचा मला कंटाळा आहे. दुःख सर्वांनाच असते. लिझीचा खोकला मात्र सगळ्यांना जमत नाही. तो कशाने जमला, हे पाहायचे तर नाटकाकडे आणि दूरचित्रवाणीच्या कारखान्याकडे वळावे लागते.

ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी आली १९५६ मध्ये. मेलबर्नच्या ऑलिम्पिक सामन्यांचे निमित्त साधून. तोपर्यंत शीलाबाई मेलबर्नच्या रंगभूमीवर रुळल्या होत्या. साउथ यारा भागातले लिटल थिएटर हे पुढे सेंट मार्टिन्स या नावाने ओळखले गेलेले नाट्यगृह म्हणजे त्या काळच्या मेलबर्नच्या नटांची शाळाच. नाटकावर पोट भरणे कठीण होते, आणि दूरचित्रवाणीवर सुरुवातीची काही वर्षे परदेशी, मुख्यतः अमेरिकी कार्यक्रमांचाच भरणा होता. १९६४ मध्ये क्रॉफर्ड या मेलबर्नच्याच निर्मितीसंस्थेने ‘होमिसाइड’ ही पोलिसी मालिका काढली, ती चालली, आणि तिच्या पाठोपाठ ‘डिव्हिजन फोर’ आणि ‘मॅटलॉक पोलीस’ आल्या. या मालिकांत दर भागाला नवा गुन्हा, म्हणजे दर भागाला नवा साक्षीदार, नवी शेजारीण, नवी भेदरलेली आई. मेलबर्नच्या रंगभूमीवरच्या नटनट्यांना पहिल्यांदाच नियमित रोजगार मिळाला तो असा. शीलाबाईही या तिन्ही मालिकांत येऊन गेल्या. एका दिवसाचे काम, दोन प्रसंग, पण तेवढ्यात माणूस उभा राहिला पाहिजे. घरमालकीण असेल तर तिच्या घराचे भाडे थकले आहे की नाही, हेही चेहऱ्यावरून कळायला हवे. असल्या कामाला कोणी पुरस्कार देत नाही. हात मात्र तयार होतो.

त्याच सुमारास, १९६७ मध्ये, सरकारी एबीसी वाहिनीने ‘बेलबर्ड’ सुरू केली. याच नावाच्या एका काल्पनिक खेड्याची ही गोष्ट. भाग पंधरा मिनिटांचा, सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी सातच्या बातम्यांच्या आधी. शेतावरची कामे आटोपून, हातपाय धुऊन बातम्यांसाठी बसणाऱ्या ग्रामीण कुटुंबांच्या वेळेचा हिशेब त्यामागे होता. ऑस्ट्रेलियातली पहिली खऱ्या अर्थाने लोकप्रिय झालेली ही दैनंदिन मालिका. तिच्यातला चार्ली कझन्स हा माणूस गव्हाच्या उंच कोठारावरून पडून मरतो तेव्हा देशभरातल्या प्रेक्षकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले, ही आठवण त्या पिढीतले लोक अजून सांगतात. शीलाबाई या मालिकेत डॉसी रम्झी झाल्या आणि घराघरांत पोहोचल्या. दुर्दैव असे, की त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग होत्या म्हणून एकीवरचे पुसून दुसरे चित्रित करण्याची सर्रास पद्धत होती. ‘बेलबर्ड’ दहा वर्षे चालली, आणि तिचे फारच थोडे भाग आज शिल्लक आहेत. रंगभूमीवरचा अभिनय हवेत विरून जातो हे आपण मान्य केलेले असते. चित्रफितीवरचाही तसाच विरावा, याची चुटपुट लागते.

‘मॅड मॅक्स’बद्दल एकच गोष्ट सांगून पुढे जाते, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७९ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात मोटारसायकलवाल्या गुंडांच्या टोळीवर जुनी बंदूक रोखणारी म्हातारी म्हणजे शीलाबाई. बंदूक घेऊन धावताना त्या पडल्या, गुडघा मोडला, आणि पाय प्लॅस्टरमध्ये असतानाच परत येऊन त्यांनी उरलेले चित्रीकरण पूर्ण केले. तेव्हा त्यांची साठी उलटली होती. पडद्यावर ती म्हातारी घाबरत नाही, आणि ते पाहणाऱ्याला खरेही वाटते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘प्रिझनर’ सुरू झाली. कल्पना रेग वॉटसन यांची, निर्मिती ग्रंडी संस्थेची, वाहिनी झिरो-टेन. वॉटसन हे ब्रिटनमध्ये ‘क्रॉसरोड्स’ या दैनंदिन मालिकेचे काम करून मायदेशी परतलेले. पुढे ‘नेबर्स’ ही दैनंदिन मालिकाही त्यांनीच काढली. मूळ बेत सोळा भागांचा होता. प्रत्यक्षात भाग झाले ६९२, आणि मालिका १९८६ च्या अखेरीपर्यंत चालली. वेंटवर्थ नावाचा काल्पनिक महिला तुरुंग, त्यातल्या कैदी आणि पहारेकरणी, इतकाच संसार. तुरुंगाची इमारत म्हणून बाहेरून जी दाखवत ती वाहिनीच्या नुनावाडिंग स्टुडिओचीच इमारत होती. मेलबर्नच्या एका शांत, बैठ्या घरांच्या वस्तीतली ही जागा. तिच्याकडे पाहून इथे कधीकाळी दंगे, जाळपोळ आणि पलायने ‘घडली’ असतील, यावर विश्वास बसत नाही.

त्या काळच्या दूरचित्रवाणीवर या मालिकेसारखे दुसरे काही नव्हते. मुख्य पात्रे जवळपास सगळ्या बायका, त्याही रंगरंगोटी न केलेल्या, निळ्या डेनिमच्या ढगळ गणवेशातल्या. त्यांच्यात प्रेम होते, बायकांचे बायकांवरचेही होते. दादागिरी होती, आणि सरकारी यंत्रणेवर राग होता. कपडे धुण्याच्या खोलीतले वाफेचे इस्त्रीयंत्र हे काम करण्याचे साधन होते आणि शिक्षा देण्याचेही. व्हॅल लेहमन यांची बी स्मिथ ही कैद्यांची म्होरकी. कोलेट मान यांची डोरीन ही भोळी, पोरगेली मुलगी. फिओना स्पेन्स यांची व्हेरा बेनेट ही कडक पहारेकरीण. एल्स्पेथ बॅलंटाइन यांची मेग ही माणुसकी जपणारी. या बॅलंटाइनबाई ‘बेलबर्ड’मध्येही होत्या, म्हणजे एका खेड्यातून दोघी एकाच तुरुंगात आल्या म्हणायच्या, एकीच्या हाती किल्ल्या, दुसरी गजांआड.

आणि लिझी. तिची पूर्वकथा फारच ऑस्ट्रेलियन आहे. हजारो मेंढ्या पाळणाऱ्या तिथल्या अफाट जमिनींवर लोकर कातरायला मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्यासाठी रांधणारे माणूस लागते, आणि त्या रांधणाऱ्याच्या नावाने खडे फोडणे हा त्या मजुरांचा जुना छंद; त्यावर तिथे कितीतरी गाणी आणि चुटके आहेत. लिझी अशीच एक स्वयंपाकीण. जेवणाला नावे ठेवणाऱ्यांना अद्दल घडवावी म्हणून तिने अन्नात विष कालवले आणि चार मजूर मेले, असा तिच्यावर खटला झाला आणि जन्मठेप झाली. दोन दशकांनंतर उघड होते, की ते मृत्यू तिच्या हातून झालेच नव्हते. एवढी वर्षे तिने स्वतःलाही खुनी मानले होते. गुन्हा नाही म्हणून सुटका, आणि सुटकेनंतर जायला घर नाही. म्हणून ती परत येते.

या कथेत मेलोड्रामा ठासून भरला आहे, हे मला दिसते. तिच्या हास्यासाठी लिहिलेली वाक्येही कित्येकदा ठरीव आहेत. परंतु शीलाबाई काय करतात ते जवळून पाहावे. कैद्यांच्या बसण्याच्या खोलीत पत्त्यांचा डाव चालू असतो, बोलणे दुसऱ्याच दोघींचे असते, कॅमेरा त्यांच्यावर असतो. मागे कडेला लिझी बसलेली असते. तिला वाक्य नसते. ती सिगारेटचे थोटूक विझवते, उरलेले टोक बोटांनी चाचपते, फेकावे की ठेवावे याचा विचार करते, आणि ठेवून देते. तुरुंगात तंबाखू म्हणजे नाणे; वीस वर्षे आत काढलेले माणूस थोटूक टाकत नाही. हे संहितेत लिहिलेले नसणार. एखादी धाकटी कैदी रडू लागली की लिझी आधी एक खोडसाळ वाक्य टाकते, हसते, ते हसू खोकल्यात जाते, आणि खोकला आवरण्यासाठी म्हणून तिचा हात त्या मुलीच्या खांद्यावर टेकतो. आधार कोण कोणाला देत आहे ते कळत नाही. तिचा खरवडल्यासारखा आवाज मूळचा नव्हे. शीलाबाईंचा स्वतःचा आवाज रंगभूमीवर घासून पुसून लख्ख केलेला होता, शब्द स्वच्छ, जुन्या पद्धतीचे. लिझीचा आवाज बनवलेला आहे, आणि तो त्यांनी सुमारे पाच वर्षे, आठवड्याला तासाचे दोन भाग या वेगाने, एकदाही न सांडता वाहून नेला.

हा वेग समजून घ्यायला हवा. आठवड्याला दोन तासांची मालिका म्हणजे लेखकांची तुकडी पुढच्या आठवड्यांचे धागे विणत असते, दिग्दर्शक आळीपाळीने येत असतात, आणि स्टुडिओत अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवून प्रसंग सलग चित्रित करतात. एक वाक्य चुकले तर साऱ्यांचा वेळ जातो. म्हणून न चुकणारा नट हवा असतो, आणि न चुकणारा नट रंगभूमीवर तयार होतो. दिग्दर्शक बदलत राहतात, लेखक बदलत राहतात. पात्र कसे चालते, कशाला घाबरते, कोणावर रुसलेले आहे, ही सगळी स्मृती शेवटी नटाच्याच अंगात उरते. चित्रपटातल्या नटाला पात्र सापडावे लागते. मालिकेतल्या नटाला ते वर्षानुवर्षे सांभाळावे लागते, आणि त्या काळात स्वतःचे वय वाढत असते तेही पात्राला द्यावे लागते. मालिकांतल्या अभिनयाला आपण ‘काय तो रोजचा रतीब’ म्हणून बाजूला सारतो तेव्हा हे श्रम आपल्या हिशेबात नसतात. ऑस्ट्रेलियाने निदान ते मोजले: तिथल्या दूरचित्रवाणीचा मानाचा लोगी पुरस्कार शीलाबाईंना लिझीसाठी मिळाला.

चित्रपटात सत्तरीच्या बाईला साधारणतः दोन प्रसंग मिळतात, एक दारात आणि एक रुग्णालयात. आपल्या मराठी मालिकांत आजी असते खरी, पण ती बहुधा घराच्या मध्यभागी बसून सल्ले देण्यापुरती. तिला स्वतःची अशी हाव, चोरी, मैत्री, खोटे बोलणे काही नसते. लिझीला हे सर्व आहे. ती दारू मिळवण्यासाठी नाना खटपटी करते, बढाया मारते, भेदरते, सूड उगवते. तिचा म्हातारपणा हा तिचा स्वभाव नाही, तिची परिस्थिती आहे. आणि तो दीर्घ मालिकेच्या सैल, पसरट रूपामुळेच इतका सविस्तर दाखवता आला. दीड तासाच्या चित्रपटात लिझीच्या वाट्याला ते परत येणे कदाचित आले असते. परत आल्यानंतरची वर्षे आली नसती.

ब्रिटनमध्ये ही मालिका १९८४ पासून, ‘सेल ब्लॉक एच’ ही शेपटी जोडून, आयटीव्हीच्या प्रादेशिक केंद्रांनी रात्री उशिरा दाखवली. ‘द प्रिझनर’ नावाची जुनी ब्रिटिश मालिका होती, तिच्याशी घोटाळा नको म्हणून नाव बदलले. रात्रपाळीहून परतलेले, झोप न येणारे, एकटे राहणारे असा तो प्रेक्षक. नेपथ्याच्या स्वस्त भिंती हलतात म्हणून त्याने थट्टा केली आणि तरीही एक भाग चुकवला नाही. तिथे तिची नाटके झाली, संगीतिका झाली. हा प्रेमाचा प्रकार मला पूर्ण कळलेला नाही, पण त्यातली थट्टा वरवरची होती एवढे दिसते. लिझीवर थट्टा फारशी झाली नाही.

शीलाबाईंनी १९८४ मध्ये ‘प्रिझनर’ सोडली. त्यानंतर काही वर्षांनी त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. दिग्दर्शक पॉल कॉक्स हे मूळचे हॉलंडचे, मेलबर्नमध्ये स्थायिक झालेले, कमी पैशांत स्वतःला हवे तसेच चित्रपट करणारे. ‘कॅक्टस’ या १९८६ च्या त्यांच्या चित्रपटात शीलाबाईंनी काम केले होते. त्या आता फार दिवसांच्या सोबती नाहीत हे माहीत असताना कॉक्स यांनी बॅरी डिकिन्स या नाटककाराच्या सोबतीने त्यांच्यासाठी चित्रपट लिहिला, आणि १९९१ मध्ये ‘अ वुमन्स टेल’ पडद्यावर आला. आजारी बाईचे काम करणारी बाई खरोखर आजारी होती.

मार्थाच्या घरी एक परिचारिका येते, ॲना. हे काम गोशा डोब्रोवोल्स्का यांनी केले आहे. त्या मूळच्या पोलंडच्या, आणि शीलाबाईंचा दुसरा नवराही पोलंडचाच, हा योगायोग माझ्या मनात उगाच रेंगाळतो. ॲनाचे एका विवाहित पुरुषावर प्रेम आहे, दोघांना भेटायला जागा नाही, म्हणून मार्था त्यांना स्वतःचा पलंग देते. शेजारी बिली नावाचा म्हातारा आहे, त्याला स्वतःचे काहीच धड करता येत नाही. त्याचे ती पाहते, न किळसता, चार शब्द सुनावत. मुलगा येतो, काळजीने बोलतो, आणि तिने एखाद्या वृद्धगृहात जावे असे सुचवतो. तो वाईट नाही. चित्रपटाची खरी ताकद मला इथे दिसते: आईला घरातून हलवू पाहणारा मुलगा खलनायक केला असता तर सगळे सोपे झाले असते. ॲना तिला आंघोळ घालते तो प्रसंग अनेकांनी नावाजला आहे. रोगाने झिजलेले, सुरकुतलेले, उघडे शरीर पाण्यात आहे, कॅमेरा घाई करत नाही, आणि मार्था लाजत नाही.

युद्धाच्या आठवणी मार्था सांगते त्या शीलाबाईंच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेल्या आहेत. इथे मला एक अडचण जाणवते. मरणाच्या दारातल्या बाईकडून तिचेच मरण अभिनित करून घेणे, तिच्याच आठवणी पात्राच्या तोंडी घालणे, हे कितपत रास्त? पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा मी मध्येच उठले होते. दुसऱ्यांदा पाहताना दिसले ते वेगळे. त्या मार्था होऊन बोलत असतात, शीला होऊन नव्हे. वाक्याचा शेवट कुठे सोडायचा, कोणता शब्द कोरडा ठेवायचा, हे सर्व ठरवून केलेले आहे. आठवणीवर आवाज कापरा करण्याची सोय होती. त्यांनी ती नाकारली. अभिनय संपून फक्त आजार उरला आहे असा क्षण मला त्या चित्रपटात सापडला नाही. लिझीच्या खोकल्यात जी कारागिरी होती तीच इथे आहे, फक्त इथे खोकला बनवावा लागलेला नाही आणि आवाज मात्र मूळचा, लख्ख, परत आलेला आहे.

त्या वर्षीचा ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्कारानंतर काही दिवसांतच, १२ ऑक्टोबर १९९१ रोजी, त्या गेल्या.

इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हल्ली हा विषय वारंवार निघतो. पुण्याला, नाशिकला, ठाण्याला एकटे राहणारे आईवडील. त्यांना इथे आणावे तर व्हिसाची रांग, भाषेचा आणि थंडीचा प्रश्न, दिवसभराचे एकटेपण. तिथे ठेवावे तर रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनची धास्ती. प्रत्येक जण मार्थाच्या मुलासारखाच बोलतो, काळजीने आणि घड्याळाकडे पाहत. ज्यांना कुठे राहायचे आहे ते मात्र त्या गप्पांत नसतात. या देशात वृद्धगृहांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी २०१८ मध्ये शाही आयोग नेमावा लागला. त्याच्या पुढच्या वर्षीच्या अंतरिम अहवालाला ‘दुर्लक्ष’ हे एका शब्दाचे शीर्षक दिले गेले, आणि २०२१ मध्ये अंतिम अहवाल आला. त्यातले वर्णन वाचताना मला वेंटवर्थच आठवत राहिले: ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी दिवे बंद, आणि कुलपे. लिझीजवळ निदान डोरीन होती.

‘प्रिझनर’ची नवी आवृत्ती ‘वेंटवर्थ’ या नावाने २०१३ ते २०२१ या काळात आली. ती अधिक झळाळीची आहे, अधिक हिंसक आहे, भिंती अजिबात हलत नाहीत. तिच्यातही लिझ बर्ड्‌सवर्थ आहे. हे काम सिलिया आयर्लंड यांनी केले आणि उत्तम केले. पण ही लिझ पन्नाशीच्या आसपासची आहे. दारूच्या आहारी गेलेली, मुलांना दुरावलेली, पुढे तरुण वयातच स्मृतिभ्रंश झालेली. आणि अखेर तिची जिवलग सोबतीण बूमर, तिला दिलेल्या शब्दाखातर, स्वतःच्या हाताने तिचे आयुष्य संपवते. हे २०१९ मध्ये दाखवले गेले, ज्या वर्षी व्हिक्टोरिया राज्यात असाध्य रुग्णांना स्वेच्छेने मरण मागण्याचा कायदा अंमलात आला. प्रश्न तोच, कोण ठरवणार. आणि नव्या लेखकांनी तो धीटपणे विचारला आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही वीसएक वर्षे कमी करून लिझीला पडद्यावर आणावेसे त्यांना का वाटले असावे, हे विचारावेसे वाटते. स्मृतिभ्रंश हवा होता, मरण हवे होते, पण म्हातारे शरीर नको होते, असे त्याचे उत्तर असेल तर १९७९ मधला तो डळमळत्या भिंतींचा तुरुंग अधिक धाडसी होता. त्यात ६२ वर्षांच्या नटीला सत्तरीची बाई म्हणून पहिल्याच भागात आणले आणि प्रेक्षक तिला पाहायला पाच वर्षे येत राहिले.